काट्याकडे पाठ

आमच्या घरात दिवस मावळला हे सांगायला घड्याळ लागत नसे. आधी वेशीकडून मेंढरांचा कालवा ऐकू यायचा, मग बाबांची हुर्रर्र करत मारलेली हाक, आणि या सगळ्यावर ताण म्हणजे मायच्या भाकरी थापण्याचा आवाज. सेनगावच्या पलीकडं, जिथं डांबरी सडक संपायची आणि पावसाळ्यात जीपवाले प्रवाशांना उतरवून जीप ढकलायला लावायचे, तिथं आमचं गाव. घरी मेंढरं, चार शेळ्या, थोडकं कोरडवाहू रान. माय परातीत भाकर थापायची तेव्हा तिच्या बांगड्याही ताल धरायच्या. अंबाडीची भाजी, तिच्यावर लसणाची चरचरीत फोडणी. तुरीचं घट्ट वरण. पाट्यावर वाटलेली शेंगदाण्याची चटणी. थंडीत शेळीच्या कोमट दुधात कुस्करलेली भाकर आणि वर गुळाचा खडा. आज हे लिहितानाही तोंडाला पाणी सुटलंय, आणि त्याचंच मला अप्रूप वाटतं. कारण ज्या दिवसांबद्दल मला सांगायचंय त्या दिवसांत यातलं काहीही माझ्या घशाखाली उतरत नव्हतं. घरात अन्न होतं, वाढायला माय होती, आणि मी उपाशी मरायला टेकलो होतो.

आमच्याकडं जेवायची रीत अशी, की बाबा आधी. ते बहुतेकदा मेंढरांबरोबर कुणाच्या तरी रानात मुक्कामी असायचे, कारण शेतकरी खतासाठी आपल्या रानात मेंढरं बसवून घ्यायचे. घरी असले तर पहिलं ताट त्यांचं, मग माझं, आणि सगळ्यांचं उरकल्यावर माय चुलीपुढं बसून उरलीसुरली भाकर हातावरच घेऊन खायची. एकमेकांच्या तोंडाकडं बघत जेवायची आमच्यात पद्धतच नव्हती. जेवत्या पोराला निरखून बघितलं की दृष्ट लागते असं माय मानायची, म्हणून मला वाढलं की पदर सावरून ती तोंड फिरवायची. तिचं ते तोंड फिरवणं मायेचंच होतं, आणि त्याच्याच आडोशाला माझं दुखणं वाढत गेलं. मी ताट घेऊन गोठ्याकडं जायचो, 'शेळ्यांवर नजर ठेवून खातो' म्हणायचो, आणि भाकर शेळीला चारायचो. आमची ती तपकिरी शेळी एवढी टमटमीत झाली की शेजारणी मायला विचारायच्या, "काय घालून राहिलीस गं तिला?" माय बिचारी अभिमानानं सांगायची, "काय न्हाई बाई, पाला अन् पाणी."

हे सुरू झालं कबड्डीपायी. आमच्या भागात जत्रा म्हटली की कबड्डीचे सामने आलेच, आणि बहुतेक ठिकाणी गट दोन. एक खुला, एक पंचावन्न किलो वजनी. खुल्या गटात कुणीही उतरावं, काटा-बिटा काही नाही; तिथं आखाड्यातले म्हशीएवढे गडी यायचे. वजनी गटात मात्र प्रत्येक खेळाडूला आधी अडत दुकानातल्या, सोयाबीनची पोती जोखायच्या काट्यावर चढावं लागायचं. पंचावन्नच्या जरा वर गेला की बाद. आमचा कप्तान माझा चुलतभाऊ, किसनभाऊ. गावात त्याचं शिलाईचं दुकान होतं आणि दुकानात कपड्यांपेक्षा कबड्डीच्या गप्पा जास्त शिवल्या जायच्या. चढाईला मी. माझा दम लांब आणि पाय चपळ. "आमचा बाल्या रेषा वलांडून गेला की समोरचे गडी कोंबड्यावानी पांगतात," असं किसनभाऊ चारचौघांत सांगायचा, आणि मी शेजारी उभा राहून ऐकलंच नाही असं दाखवायचो. कॉलेजात गेलो, अंग भरायला लागलं, तसा त्याला घोर लागला. "बाल्या, यंदा वजन राख रे बाबा. तू बाद झालास तं आपली दुकानदारी बंद." यात वाकडं काही नव्हतं. सगळ्या गावांचे कप्तान सगळ्या पोरांना हेच सांगायचे, आणि ती पोरं काट्यावरून उतरली की थेट भज्यांच्या गाड्याकडं पळायची. मला मात्र काट्यावरून उतरल्यावरही खाता येईना.

"पोरगं वजन राखून हाय," असं गावात माझ्याबद्दल बोललं जायचं. दुसऱ्या एखाद्याबद्दल 'पोरगं तालुक्यात पहिलं आलं' म्हणावं, त्याच सुरात. ते ऐकून छाती फुगायची. पुढं पंचावन्नच्या कितीतरी खाली गेलो तरी माझा मलाच भरवसा वाटेना. जीपच्या काचेत बघितलं की गुबगुबीत चेहरा आणि सुटलेलं पोट दिसायचं. खोटं नाही सांगत, मला खरंच तसं दिसायचं. किसनभाऊ माझ्या चड्डीची कंबर पुन्हा पुन्हा आत घ्यायचा आणि दातात दोरा धरून म्हणायचा, "शाब्बास रे पठ्ठ्या!" बक्षिसात कधी बोकड मिळायचा, मग शाळेमागच्या चिंचेखाली रस्सा शिजायचा, पंगत बसायची, आणि त्या पंगतीत वाढायला कायम मी. बादली घेऊन ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत आग्रह करत फिरायचो. वाढणाऱ्यानं शेवटी जेवायचं असतं, आणि तो जेवला का हे बघायला शेवटपर्यंत थांबतंय कोण? म्हातारी माणसं म्हणायची, "गुणाचं लेकरू हाय. स्वतः जिकून आणलं अन् स्वतःच वाढून राहिलं." त्या गुणाच्या लेकराला रश्श्याच्या वासानं भीतीनं घाम फुटत होता, हे कुणाला कसं कळावं?

व्हायचं ते झालंच. एका जत्रेत चढाईला गेलो, 'कबड्डी कबड्डी' म्हणता म्हणता माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटू लागला, आणि पुढचं आठवतं ते हिंगोलीच्या एका दवाखान्याचं छत. हिंगोली जिल्ह्याचं ठिकाण झाल्याची नवलाई तेव्हा अजून ओसरली नव्हती. बाबा मेंढरं शेजाऱ्याच्या हवाली करून आले होते, घोंगडं खांद्यावर तसंच. आमच्याकडं दुखणं कोणतंही असो, उतारा एकच. "दोन सलाईन लावा डॉक्टर, पण पोरगं उभं करा." मी डोळे उघडले, बाटलीतलं पाणी थेंब थेंब आपल्या अंगात शिरतंय हे बघितलं, आणि मनात आलं ते एवढंच, की याचं वजन किती भरेल! सुई उपसून फेकली. रक्त बाबांच्या धोतरावर उडालं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी माझं मनगट चिमटीत धरून बघितलं. मग बाबांना म्हणाले, नांदेडला एक मॅडम आहेत, मनाच्या डॉक्टर, त्यांच्याकडं आजच न्या; उशीर केला तर याचं हृदय साथ देणार नाही. बाबा म्हणाले, "येड्याच्या डॉक्टरकडं? एवढं हुशार पोरगं?" मग आपणच धोतराचा सोगा झटकला आणि म्हणाले, "नेतो. येडं म्हणून का होईना, जगू द्या." मी डोळे मिटून ऐकत होतो. बाबांनी आयुष्यात माझ्यासाठी पुष्कळ केलं, पण ह्या एका वाक्याचे उपकार मोठे.

डॉक्टर मॅडम म्हणजे जाड भिंगाच्या चष्म्याच्या, सुती साडीतल्या बुटक्या बाई. जेवत का नाहीस, असं विचारतील असं मला वाटलं होतं. तो प्रश्न एव्हाना हिंगोलीच्या दवाखान्यात सगळ्यांनी विचारून झाला होता. त्यांनी विचारलं, "जेवतोस कुणासोबत?" मला आमची तपकिरी शेळी आठवली. मग सोबत आलेल्या मायकडं वळल्या. "आणि तुम्ही कुणासोबत जेवता?" माय म्हणाली, "चुलीसंगं." मॅडमना हसू आलं नाही. त्यांनी टेबलाच्या खणातून सुतळीचा गुंडा काढून माझ्यापुढं ठेवला. "तुझ्या कमरेला एक वेढा बसेल एवढी सुतळी काढ. अंदाजानं, कमरेला न लावता." मी चांगला विचार करून सुतळी ओढली, त्यांनी तिथं कापली. "आता घाल वेढा." वेढा घातला आणि वर हातभर सुतळी लोंबत राहिली. मी म्हणालो, "मॅडम, माझा अंदाज चुकला. दुसरी कापू द्या." त्यांनी कापू दिली. तीही तेवढीच उरली. माय तोंडाला पदर लावून बसली. मॅडम म्हणाल्या, "बालाजी, तू खोटं बोलत नाहीस हे मला माहीत आहे. तुला जाड दिसतं म्हणजे दिसतंच. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं ना, तसं तुझ्या नजरेला दुखणं झालंय. ती बरी होईस्तोवर माझ्या नजरेवर भरवसा ठेव." लगेच ठेवला असं नाही. मी कसला ठेवतोय! पण तोवर मला कुणी हट्टी म्हटलं होतं, कुणी बाहेरची बाधा म्हटलं होतं. आजारी म्हणणाऱ्या ह्या पहिल्याच. त्या एका शब्दानं किती बरं वाटलं म्हणून सांगू!

मॅडमच्या जोडीला होत्या शिरीन बाजी; बाजी म्हणजे ताई. आहाराचं शास्त्र शिकलेल्या, नांदेडच्याच, बोलणं पक्कं दख्खनी. मला भरती केलं होतं त्या खोलीत त्या स्वतःचा डबा घेऊन यायच्या आणि सरळ माझ्या खाटेवर मांडी घालून बसायच्या. "मुँह नक्को फिरा बाल्या. एक निवाला मेरा, एक तेरा." घास घेताना बोलायचं कशाबद्दलही, फक्त जेवणाबद्दल नाही. शंभर मेंढरांतून आपलं मेंढरू कसं ओळखतोस, कळपात भांडकुदळ कोण, असलं काहीबाही विचारायच्या, आणि मी उत्तर देण्याच्या नादात घास गिळून बसायचो. कधी गिळायचो, कधी रडायचो. बाजी थांबायच्या, घाई नाही, रागावणं नाही. बदाम, सफरचंद, डब्यातली पावडर यातलं त्यांनी काहीही लिहून दिलं नाही. मायला विचारलं, घरात काय शिजतं? माय भाकर, वरण, अंबाडी असं सांगत गेली आणि शरमत गेली. बाजी म्हणाल्या, "अगे माँ, येइच तो दवा है! बस वक्त पे देना. भूक का रस्ता देखना नक्को. इस बीमारी में भूक सबसे आखिर में आती."

माझं वजन व्हायचं, पण काट्याकडे पाठ करून. आकडा मॅडम बघायच्या आणि मला सांगायच्या नाहीत. या एका गोष्टीवरून मी त्यांच्याशी जेवढा भांडलो तेवढा जन्मात कुणाशी भांडलो नसेन. "वजन माझं हाय, मला काहून सांगत न्हाई?" त्या चष्मा पुसत म्हणायच्या, "आकडा मी सांभाळते. ते माझं काम. तुझं काम जेवायचं. आपण एकमेकांच्या कामात कशाला पडायचं?" घरी सोडताना त्यांनी मायला समोर बसवलं आणि सांगितलं की आता रोज पोरापुढं आपलंही ताट घेऊन बसायचं. माय कावरीबावरी झाली. "मी कशी बसू मॅडम, बाप्या मानसाच्या आधी?"

"आधी नका बसू, सोबत बसा. आणि तोंड फिरवायचं नाही. बघायचं त्याच्याकडं."

"अन् दृष्ट लागली तं?"

"आईची लागत नसते. लागलीच तर घेऊन या माझ्याकडं, मी काढते."

माय खुदकन हसली. त्या सगळ्या दुखण्यात ती हसलेली मी पहिल्यांदा बघितली.

घरी आल्यावर सगळं गोड झालं असं कुणी समजू नये. मी ताटं भिरकावली आहेत. वरणाचे ओघळ भिंतीवर, आणि तोंडात मायबद्दल नको नको ते शब्द. ती उठायची नाही. डोळ्यांतून पाणी गळतंय, तोंडात घास आहे, आणि नजर माझ्यावर. मी दमलो की दुसरं ताट वाढायची. बाबा मुक्कामाहून आले की तेही येऊन टेकायचे आणि मेंढरांच्या खोड्या सांगायचे. ही युक्ती त्यांना बाजींनीच शिकवली होती. आमच्या घरात तिघं जण गोल करून जेवायला लागलो ते माझ्या दुखण्यापायी, आणि मायला गरम भाकर मिळायला लागली तीही तेव्हापासूनच. नांदेडच्या दर खेपेला मॅडम सुतळी काढायच्या, आणि दर खेपेला ती जरा कमी उरायची. पण मी जेवत होतो तो घड्याळाच्या हुकमावर, औषध घ्यावं तसा. भूक म्हणून काही येत नव्हती. आपल्याला आता ती कधीच यायची नाही, अशी भीती मनात घर करून बसली होती.

आता माझी चाळिशी उलटलीय, शाळेत खेळ शिकवतो. पोरांच्या हातात मोबाईल आहेत, गावात जिम निघाली आहे, दंड फुगवून काढलेले फोटो एकमेकांना दाखवणं चालतं. एखादं पोरगं पावडरीच्या डब्याशिवाय बोलत नाही, एखादी पोरगी आपला डबा दुसऱ्यांना वाटून टाकते. माझी बायको म्हणते, तुम्हाला बाई जिथं तिथं तेच दिसतं. दिसू दे! मधल्या सुट्टीत मी माझा डबा घेऊन पोरांत जाऊन बसतो आणि मेंढरांच्या गोष्टी सांगतो. सरांना दुसरं काही येत नाही असं पोरं म्हणतात.

तर, किसनभाऊ. तो मला बघायला दवाखान्यात आलाच नव्हता. मला राग आला होता. त्याला तोंड दाखवायची लाज वाटत होती हे नंतर कळलं. शेवटी मॅडमनीच निरोप धाडून त्याला बोलावून घेतलं. टोपी हातात चुरगाळत तो उभा राहिला. "मॅडम, माप मीच घेत होतो त्याचं. मला कळाया पायजे होतं." मॅडम म्हणाल्या, "दोष वाटायला नाही बोलावलं मी. बसा. याला खेळ हवाय, आणि अंगात बळ आलं की मीच सांगेन, खेळू द्या म्हणून. फक्त त्या काट्यावर चढवू नका. पुन्हा चढला तर आपण सगळे पुन्हा इथं येऊ, आणि त्या वेळी मला याला वाचवता येईल की नाही, सांगता येत नाही."

"काट्याबिगर वजनी गटात घेत न्हाईत मॅडम."

"ते तुम्ही बघा. कबड्डीतलं मला काही कळत नाही."

मॅडमनी खेळायची परवानगी दिली ती नेमकी औंढ्याच्या अलीकडच्या एका गावची जत्रा तोंडावर आलेली असताना. तिथल्या वजनी गटाची फिरती ढाल सलग दोन वर्षं आमच्याकडं होती. तिसऱ्यांदा जिंकली की कायमची गावाची. आणि एका संघाला उतरता यायचं एकाच गटात. किसनभाऊच्या दुकानात पोरं जमली. मी आधीच बोलून टाकलं, "भाऊ, मी न्हाई खेळत. तुमी ढाल आणा." किसनभाऊ मशीन चालवायचा थांबला. "तू गप बस. आपुन खुल्या गटात उतरून राहिलो. समदे." पोरांत गलका उडाला. "भाऊ, ढाल जाईल की! अन् त्या गड्यांखाली आमच्या बरगड्या मोडतील ते येगळंच." किसनभाऊनं मशीनवर हात आपटला. "मोडल्या तं मोडल्या. बरगड्या जुळतात. हे पोरगं गेलं असतं तं काय जुळवणार होते रे तुमी?" चहा आला, तो पिऊन पोरं आपापल्या घरी गेली.

सामन्याचं काय सांगू? समोर वसमतकडचे आखाड्यातले गडी. आमची पोरं मैदानात उतरली तसा भोंग्यावर बोलणारा माणूस म्हणाला, "मंडळी, हा संघ चुकून तर मोठ्यांच्या गटात आला न्हाई ना?" सगळी जत्रा हसली. त्यांनी आम्हाला अक्षरशः धुऊन काढलं. पकड करायला गेलं की आमचे तिघं-चौघं त्या एका गड्याला लोंबकळत रेषेपर्यंत ओढले जायचे. मी एका चढाईत एकाच्या पाठीला बोट लावून परत आलो, तेवढीच आमची अब्रू. किसनभाऊच्या कपाळावर टेंगूळ आलं. शिट्टी वाजली तेव्हा हरल्याच्या दुःखापेक्षा सुटलो बाबा हेच सगळ्यांच्या तोंडावर होतं.

मैदानाच्या कडेला बाभळीखाली येऊन आम्ही धुळीत पडलो. बाबा आणि माय जीपनं आले होते. मायच्या मांडीवर फडक्यात बांधलेले धपाटे होते, पण माझ्या जेवणाची वेळ व्हायला अवकाश होता, म्हणून तिनं गाठ सोडली नव्हती. बाजींचा हुकूम म्हणजे हुकूम. मी उताणा पडलो होतो. पोटात काहीतरी ओढल्यासारखं झालं. वाटलं, मार लागला. हातानं दाबून बघितलं, कुठं दुखेना. पुन्हा ओढल्यासारखं झालं, आणि फडक्यातून आलेला लसणाचा वास मला आवडला. भीती नाही, घाम नाही. मी उठून बसलो.

"माय, सोड ते फडकं. मला भूक लागली."

मायचा हात गाठीवर तसाच राहिला. बाबांनी तोंडातली सुपारी चघळायची थांबवली. किसनभाऊ टेंगळावर पाणी ओतत होता, तो वळला. "काय म्हणलास?"

"भूक लागली म्हणलं. काहून?"

त्यानं हातातला लोटा टाकून दिला आणि अख्ख्या जत्रेला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली, "पोरांनो, बाल्याला भूक लागली रे!" जी पोरं आत्ता कण्हत होती ती लंगडत, धडपडत धावत आली. कुणी शिट्ट्या मारल्या, कुणी टोप्या उडवल्या, मायनं गाठ सोडून एक धपाटा माझ्या हातात दिला, आणि दोघांनी मला त्या धपाट्यासकट खांद्यावर घेतलं. मी वरून बघतोय तर माय फडकं छातीशी धरून रडतेय आणि हसतेय, आणि मी तोंड भरून चावतोय. पलीकडं जिंकलेले गडी अंगाची धूळ पुसत आमचा धिंगाणा बघत उभे होते. त्यांच्यातला सगळ्यात दांडगा गडी शेजारच्याला म्हणाला, "आरं, मग हरलं कोण?"